उत्तर कोणी दिले?

अमेरिकेतील अटलांटा येथे जॉर्जिया टेक नावाचे विद्यापीठ आहे. २०१४ च्या जानेवारीपासून तेथे संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घरबसल्या मिळू लागली. साऱ्या शिक्षणाचा खर्च सुमारे सात हजार डॉलर, म्हणजे आवारात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पडतो त्याचा लहानसा हिस्सा; आणि पदवीपत्रात मात्र दोघांत भेद नाही. दिवसाची नोकरी सांभाळून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या माणसाला, तो कोणत्याही देशातला असो, ही केवढी सोय! तिची टवाळी करणाऱ्यांत मी नाही.

मला अडवते ती तिथलीच दुसरी गोष्ट. विद्यार्थी दूर, त्यांच्या शंका हजारोंनी येणार, आणि उत्तरे देणारे साहाय्यक मूठभर. तेव्हा २०१६ साली प्राध्यापक अशोक गोयल यांनी या मंडळींत जिल वॉटसन नावाची एक साहाय्यिका आणून बसविली. ती चटकन आणि नेमकी उत्तरे देई. सत्र संपता संपता विद्यार्थ्यांना सांगण्यात आले की जिल म्हणजे यंत्र.

आता यात बिघडले काय, असे कोणी विचारील. उत्तर बरोबर होते ना? छापील पुस्तक तरी वाचणाऱ्याला कुठे ओळखते? लंडन विद्यापीठ तर १८५८ पासून कधीही न पाहिलेल्या माणसांच्या परीक्षा घेत आले आहे. हा युक्तिवाद मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण पुस्तक आपण माणूस असल्याची बतावणी करीत नाही. लंडनच्या परीक्षार्थीला आपण एकटे आहोत हे ठाऊक असे, आणि ठाऊक असलेला एकटेपणा माणूस सोसू शकतो.

शंकाही सगळ्या एका जातीच्या नसतात. ‘निबंध किती शब्दांचा हवा?’ याचे उत्तर यंत्राने द्यावे, खुशाल द्यावे. पण ‘मला हे जमेल का?’ असे जो विचारतो त्याला माहिती नको असते. कोणीतरी आपला शब्द पणाला लावावा, उद्या तो खोटा ठरला तर त्याला ओशाळे वाटावे, एवढी त्याची अपेक्षा असते. यंत्राच्या ‘जमेल’ला ही किंमत पडत नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ साली दूरचित्रवाणीवरून शिकवायला प्रारंभ केला तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला एक शिक्षक नेमून दिला होता, आणि उन्हाळ्यात आठवडाभर एकत्र राहण्याची शाळाही भरविली. त्यांना हे उमगले असावे.

तरीही माझा आक्षेप यंत्राला नाही. भरल्या सभागृहात पाठ म्हणून दाखविणारे हाडामांसाचे प्राध्यापक विद्यार्थ्याला जिलहून अधिक ओळखतात असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आक्षेप आहे तो लपविण्याला. स्वस्तात शिकणाऱ्याला माणूस कमी मिळेल, हा व्यवहार झाला. तो त्याला आधी सांगावा. ज्याचे आभार मानायचे तो कोण, हे कळण्याचा हक्क सात हजार डॉलर भरणाऱ्यालाही आहे.

पुढल्या एका सत्रात सर्वच साहाय्यकांनी टोपणनावे घेतली आणि यंत्र कोणते ते विद्यार्थ्यांनी ओळखावे असे ठरले. त्यांतल्या काहींनी खऱ्या माणसांनाच यंत्र ठरविले.