वॉरंटीनंतरचे इंजिन आणि विक्रेत्याचा धर्म

वॉरंटीची मुदत संपल्यावर मोटारीचे इंजिन निकामी झाले, तर खर्च कोणी सोसायचा, हा वाद वरवर पैशांचा दिसतो. त्याच्या मुळाशी दोन जुने तात्त्विक प्रश्न आहेत. बिघाड नेमका केव्हा जन्माला आला, हा पहिला. आणि दिलेल्या शब्दाची मुदत संपली की शब्द देणाऱ्याची जबाबदारीही संपते का, हा दुसरा.

दक्षिण नागपुरातील हुडकेश्वरसारख्या वस्तीत हा वाद फार जवळचा आहे. पूर्वीचे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे आणि नव्या लेआउटांमधल्या कित्येक घरांची पहिली गाडी हप्त्यांवर घेतलेली असते. वॉरंटी साधारणपणे 3 वर्षांची किंवा ठरावीक किलोमीटरची, जे आधी होईल ते. कर्ज मात्र 5 किंवा 7 वर्षांचे असते. चौथ्या वर्षी इंजिन सीझ झाले, तर हप्ता चालू, गाडी बंद आणि वर इंजिनाच्या कामाचा खर्च, अशी कोंडी होते. मालक म्हणतो, नीट बनवलेले इंजिन इतक्या लवकर जात नाही. कंपनी म्हणते, कागदावर लिहिले तेवढे आम्ही पाळले.

इंजिन निकामी होण्याची कारणे तीन प्रकारची असतात. पहिली घडणीतली: धातूतला दोष, चुकीचे मशीनिंग, ऑइलच्या वाटेत राहिलेला कीस. दुसरी वापरातली: वेळेवर ऑइल न बदलणे, कूलंट कमी असताना विदर्भातल्या मे महिन्यात गाडी चालवत राहणे, ऑइलचा लाल दिवा लागल्यावरही न थांबणे. तिसरी बाहेरून आलेली. 23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नागपुरात अनेक गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा वेळी सिलिंडरमध्ये पाणी शिरले असताना इंजिन सुरू केले, तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेला रॉड काही काळ चालतो आणि पुढे केव्हातरी तुटतो. तिन्ही प्रकारांत कारण आणि परिणाम यांच्यामध्ये महिने किंवा वर्षे जाऊ शकतात. वादाला जागा मिळते ती या अंतरामुळे.

या अंतराचा विचार भारतीय दर्शनांनी बारकाईने केला आहे. सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो की कार्य आपल्या कारणात आधीपासून असते. तेल तिळातून निघते, वाळूतून निघत नाही, कारण ते तिळात होतेच. घाणा त्याला केवळ प्रकट करतो. न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद याच्या उलट आहे. कार्य उत्पत्तीपूर्वी नसते. समवायी (मूळ द्रव्य), असमवायी (त्याची जुळणी) आणि निमित्त (घडवणारा) ही कारणे जुळली की ते नव्याने उत्पन्न होते. इंजिनाच्या वादात मालक नकळत सांख्याची बाजू मांडतो: बिघाड कारखान्यातच होता, आज दिसला एवढेच. कंपनी नैयायिकाची बाजू घेते: विकताना बिघाड नव्हता; ऑइल, उष्णता आणि चालवण्याची पद्धत या कारणांनी तो नवा घडला.

कोणतीही एक बाजू सगळ्या प्रकरणांना लागू पडत नाही. अमेरिकेत ह्युंदाईच्या ‘थीटा 2’ इंजिनांचे प्रकरण सांख्यांच्या बाजूचे आहे. क्रँकशाफ्टच्या मशीनिंगनंतर ऑइलच्या मार्गात धातूचा कीस राहिल्याने बेअरिंगला ऑइल कमी पडत होते. 2015 मध्ये गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि पुढे सामूहिक दाव्याच्या तडजोडीत इंजिनाच्या मुख्य भागाला आयुष्यभराची वॉरंटी द्यावी लागली. किलोमीटर कितीही झाले असोत, दोष पहिल्या दिवसापासून आत होता, हे त्यातून सूचित होते. उलट 30 हजार किलोमीटर ऑइलच बदलले नाही आणि ते घट्ट चिखलासारखे झाले, तर तो बिघाड नवा आहे आणि मालकाचा आहे. म्हणून वॉरंटी संपली की नाही, याच्या आधी विचारायला हवे ते हे, की विक्रीच्या क्षणी वस्तूत काय होते.

दुसरा प्रश्न शब्दाच्या मुदतीचा. धर्मशास्त्राने खरेदी-विक्रीला मुदती घातल्या होत्या. मनुस्मृतीत खरेदीचा किंवा विक्रीचा पश्चात्ताप झाल्यास व्यवहार फिरवायला 10 दिवस दिले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत परीक्षेची मुदत वस्तूप्रमाणे बदलते: लोखंडाला 1 दिवस, दुभत्या जनावराला 3, ओझ्याच्या जनावराला 5, रत्नाला 7, बियाण्याला 10. यामागचा विचार उघड आहे. गाय दूध किती देते ते तीन दिवसांत कळते, बी उगवते की नाही हे कळायला अधिक दिवस लागतात. दोष दिसायला जितका काळ लागतो, तितकी मुदत न्याय्य ठरते. नारदस्मृतीचा आणखी एक नियम आहे: निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याने दुप्पट किंमत द्यावी आणि तेवढाच दंडही भरावा. त्या नियमात दिवसांची अट नाही. साध्या पश्चात्तापाला मुदत आहे, फसवणुकीला नाही.

रोमन विचारवंत सिसेरोने ‘दे ऑफिकिइस’ या ग्रंथात हाच प्रश्न घराच्या विक्रीवरून मांडला. घराचे दोष फक्त विकणाऱ्याला ठाऊक आहेत. ते त्याने सांगावेत का? त्याने मांडलेल्या वादात स्टोइक तत्त्वज्ञ डायोजेनिस म्हणतो, न सांगणे म्हणजे फसवणे नव्हे. दुसरा स्टोइक अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने आहे, कारण मौनाचा फायदा ज्याला होतो त्यानेच ते पाळलेले असते.

भारतीय कायदाही करार आणि दोष अशा दोन पायऱ्यांवर उभा आहे. वॉरंटी हा करार आहे आणि तो शब्दशः वाचला जातो. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचे वचन असेल, तर तिच्या आधारे नवी गाडी मागता येत नाही. पण मालातील ‘दोष’ ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील स्वतंत्र संकल्पना आहे. वस्तूच्या गुणवत्तेतली किंवा दर्जातली उणीव तिच्यात येते. तक्रार तिचे कारण घडल्यापासून 2 वर्षांत करावी लागते. गाडी पुण्याहून घेतलेली असली, तरी हुडकेश्वरचा रहिवासी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. त्याच कायद्यातील उत्पादन-दायित्वाचे प्रकरण मात्र इथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण वस्तूचे स्वतःचे नुकसान त्यातून वगळले आहे. सुरक्षिततेला धोका असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. तिथे वॉरंटीची तारीख आड येत नाही.

खरी अडचण पुराव्याची आहे. वॉरंटीच्या काळात कारण फारसे न विचारता कंपनी खर्च सोसते. मुदत संपली की दोष सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. वॉरंटी संपल्याने बदलते ते एवढेच. इंजिनाच्या आत काय होते, हे तारखेने बदलत नाही. आयोग तज्ज्ञाचा अहवाल मागतो, प्रयोगशाळेत तपासणी करवू शकतो. पण इंजिन उघडले, भाग बदलले आणि जुने भाग भंगारात गेले की तपासायला काही उरत नाही. त्यातच भागाचा बॅच क्रमांक, इतर गाड्यांच्या तक्रारी, सर्व्हिस सेंटरचे जॉब कार्ड, इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधली नोंद, हे सगळे ज्ञान एकाच पक्षाकडे असते. ज्याच्याकडे ज्ञान नाही त्याला सिद्ध करायला सांगणे आणि ज्याच्याकडे आहे त्याला गप्प राहू देणे, हा न्याय नव्हे. अँटिपेटरचा युक्तिवाद या ठिकाणी आजही तितकाच लागू आहे: ज्ञान ज्याच्याकडे, बोलण्याचे कर्तव्यही त्याच्याकडे.

हे कर्तव्य एकतर्फी नाही. मालकाकडेही एक ज्ञान असते, ते म्हणजे गाडी कशी वापरली हे. ऑइल बदलल्याची बिले जपणे, पाण्यात बुडालेली गाडी सुरू न करणे, बाहेरच्या गॅरेजमध्ये केलेले काम न लपवणे आणि वाद मिटेपर्यंत जुने भाग हातचे न सोडणे, हा त्याच्या वाट्याचा धर्म आहे. वापराची चूक घडणीच्या दोषावर ढकलणारा मालक आणि घडणीचा दोष वापरावर ढकलणारी कंपनी, दोघेही सारख्याच असत्याचा आश्रय घेतात.

यातून वाटणीचा नियम निघतो. विकताना जे वस्तूत होते, त्याचा भार विकणाऱ्याचा, मग ते केव्हाही प्रकट होवो. वापराने जे नवे घडले, त्याचा भार वापरणाऱ्याचा. दोन्ही कारणे मिसळली असतील, तर खर्च त्या प्रमाणात वाटावा. काही कंपन्या ‘गुडविल’ म्हणून मुदतीनंतरही सुट्या भागांच्या किमतीचा काही वाटा उचलतात, तो या नियमाचा अर्धवट स्वीकार आहे. तो मेहेरबानी म्हणून नव्हे, तर देणे म्हणून आणि त्यामागचे कारण लेखी सांगून दिला गेला पाहिजे. आणि कारण शोधूनही सापडले नाही, तर ज्या पक्षाने आपल्याजवळची माहिती उघड केली नाही, त्याच्या विरुद्ध निष्कर्ष काढणे न्यायाला धरून आहे.