वेशीवरचा कर आणि पिशवीतील दोन वजने

जकात नाक्यांची आठवण महाराष्ट्रातील प्रौढ वाचकांना असेलच. शहराच्या वेशीवर मालट्रक थांबे, मालाची तपासणी होई आणि ठरलेली रक्कम भरल्यावाचून गाडी पुढे सरकत नसे. १ जुलै २०१७ रोजी मुंबईतील जकात बंद झाली आणि राज्यातून ही पद्धत नाहीशी झाली. तशाच प्रकारचा एक नाका आता युरोपीय संघाने आपल्या सीमेवर उभारला आहे. तिथे विचारणा होते ती माल बनवताना हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडला गेला याची. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांना हा नियम लागू आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आयातदारांकडून केवळ माहिती घेतली जात होती; १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैशाची जबाबदारी सुरू झाली. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. तथापि सोयीसाठी आम्ही त्याला येथे धूर असेच म्हणणार आहोत.

हा विषय अर्थशास्त्रज्ञांवर सोपवून आपल्याला मोकळे होता आले असते. परंतु जालना जिल्ह्यात राहणाऱ्यांना ती मोकळीक नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या भट्ट्यांत वितळवले जाते, त्यांचे बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया लाटल्या जातात. भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यात एखाद्या कुटुंबाने घरकुलाचे काम काढले, की छतासाठी लागणारी गजाळी बहुधा याच भट्ट्यांतून आलेली असते. जालन्याच्या सळयांचा मुख्य ग्राहक देशातच आहे, त्यामुळे युरोपच्या नाक्याची झळ येथे थेट लागण्याचा संभव कमी. मग केदारखेड्याने या कराची चिंता का वाहावी? आमच्या मते या कराने एक जुना नैतिक प्रश्न नव्या रूपात पुढे आणला आहे : आपल्या सुखाचा धूर कोणाच्या अंगणात जावा आणि त्याचे मोल कोणी चुकवावे?

प्रथम युरोपची बाजू प्रामाणिकपणे समजून घेऊ. तेथील मोठ्या कारखान्यांना २००५ पासून धुराचे परवाने घ्यावे लागतात. धूर जितका अधिक, तितके परवाने अधिक. पोलादासारख्या उद्योगांना यांतील पुष्कळसे परवाने आजवर फुकट मिळत असत, कारण सरकारांना एक भीती होती. येथे धूर महाग झाला तर कारखानदार जिथे धुराला मोल नाही अशा देशात भट्टी हलवील, किंवा तिकडचा स्वस्त माल इकडची बाजारपेठ काबीज करील. युरोपातील कामगार बेकार होईल आणि पृथ्वीवरचा धूर मात्र तसूभरही कमी होणार नाही. यालाच कार्बनगळती म्हणतात. एका खोलीत गळणाऱ्या छताखालचे पातेले उचलून दुसऱ्या खोलीत ठेवल्याने गळती थांबत नाही. आता ते फुकटचे परवाने २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतील आणि त्याच गतीने आयात मालावरचा भार वाढत जाईल. घरच्याला जे मोल द्यावे लागते तेच बाहेरच्यालाही, हा त्यामागील न्याय. मूळ देशात धुराची किंमत आधीच भरलेली असेल, तर तेवढी वजावटही मिळते. तत्त्व म्हणून यात खोट काढणे अवघड आहे.

परंतु न्यायाचा विचार आजच्या दिवसापासून सुरू करता येत नाही. दोनशे वर्षे कोळसा जाळून ज्यांनी आपले रेल्वेमार्ग, पूल आणि कारखाने उभारले, त्यांनी आकाशाची सामाईक जागा पूर्वीच व्यापून टाकली. औद्योगिक युगाच्या आरंभापासून आजवर इंधने जाळून साठलेल्या धुरापैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे; भारताचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आजही सरासरी भारतीय वर्षाकाठी सुमारे दोन टन धुराला कारण होतो, तर सरासरी युरोपीय माणूस त्याच्या अडीच-तीनपट. म्हणूनच १९९२ साली रिओ येथे राष्ट्रांनी मान्य केले, की जबाबदारी सर्वांची असली तरी तिचे वाटे सारखे नाहीत. नाक्यावरचे यंत्र हा भेद ओळखत नाही. त्याच्या लेखी आजचा एक टन म्हणजे एक टन, मग तो कोणाचाही असो.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण येथे मूक नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६७ सालच्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसियो’ या विश्वपत्रात बजावले होते, की दोन पक्षांचे बळ फार विषम असेल तर केवळ व्यवहाराचे नियम दोघांना सारखे असल्याने व्यवहार न्याय्य ठरत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’मध्ये उत्तरेकडील धनिक राष्ट्रांवर दक्षिणेचे पर्यावरणीय ऋण असल्याचे स्पष्ट मांडले, आणि प्रदूषण कमी करण्याच्या नावाखाली गरीब देशांवरच जड भार टाकणाऱ्या योजनांबद्दल सावधही केले. दुसऱ्यांच्या खांद्यांवर अवजड ओझी चढवणाऱ्या आणि स्वतः बोटही न लावणाऱ्या धर्मपंडितांना प्रभू येशूने काय सुनावले, हे वाचकांना ठाऊकच आहे.

इथवर युक्तिवाद आपल्या बाजूचा आहे, म्हणून तो गोड वाटतो. पण तो इथेच थांबवला तर त्याचे रूपांतर ढालीत होते. दुसऱ्याचे जुने ऋण हे आपल्याला नवे ऋण काढण्याचे परवानापत्र होऊ शकत नाही. एकूण वार्षिक धुरात आज भारताचा क्रमांक जगात तिसरा आहे, आणि त्याची फळे भोगण्यासाठी आपल्याला समुद्रापार जावे लागत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या; सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातील हाताशी आलेली पिके अतिवृष्टीने पाण्यात गेली. कोणत्याही एका दुष्काळाचे वा पुराचे खापर एका कारणावर फोडता येणार नाही. परंतु तापणाऱ्या हवेने पावसाचे टोकाचे वागणे वाढते, हे शास्त्र आता संशयापलीकडे गेले आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला ढगातला धूर पॅरिसचा की परळीचा, हे विचारण्याची सोय नाही.

आता या कराच्या हिशेबातील एका बारकाव्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण नैतिक प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे. पोलादाच्या बाबतीत युरोप केवळ भट्टीचा आणि त्यात पडणाऱ्या कच्च्या मालाचा प्रत्यक्ष धूर मोजतो; भट्टीला लागणाऱ्या विजेचा धूर तूर्त मोजत नाही. भंगाराच्या वाट्याला शून्य धूर धरला जातो. याउलट कोळशावर तयार केलेले स्पंज आयर्न वापरले तर पोलादाच्या टनामागे धूर पुष्कळ वाढतो. समजा, एखाद्या कारखानदाराकडे दोन्ही प्रकारचा माल आहे. तो काय करील? भंगारापासून बनलेला स्वच्छ माल युरोपच्या जहाजात चढवील आणि धुरकट माल देशात विकील. युरोपची वही स्वच्छ दिसेल, कारखानदाराचा कर वाचेल आणि आकाशातला धूर होता तेवढाच राहील. एक कवडीचीही लबाडी न करता हे सारे कायदेशीरपणे घडू शकते.

मोशेच्या नियमशास्त्रात व्यापाऱ्याला ताकीद आहे, की त्याने पिशवीत एक जड व एक हलके अशी दोन वजने बाळगू नयेत. दोन वजने बाळगणारा प्रत्येक गिऱ्हाइकाला फसवतोच असे नाही; जो तपासू शकतो त्याला तो चोख माप देतो. म्हणूनच ती ताकीद दुबळ्या गिऱ्हाइकासाठी आहे. युरोपचा ग्राहक तपासू शकतो, केदारखेड्याचा ग्राहक तपासू शकत नाही. त्याच्या छतातील सळई कोणत्या धुरातून आली, हे त्याला कोणी सांगत नाही. त्या धुराजवळ राहणाऱ्यांना आणि भट्टीच्या तोंडाशी राबणाऱ्या परप्रांतीय मजुरांना तर कोणी विचारतही नाही. गळती युरोपच्या वेशीवर थांबली आणि आपल्या घरात सुरू झाली, असा हा प्रकार.

यावर उपाय कोणता? आमच्या अल्पमतीनुसार माप एकच हवे आणि ते आपण स्वतः धरायला हवे. या दिशेने काही पावले पडली आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या ठरवली : एक टन तयार पोलादामागे २.२ टनांहून कमी धूर असेल तर ते हरित, आणि १.६ टनांहून कमी असेल तर पाच तारे. भारताची सरासरी अडीच टनांच्या घरात आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही अट सोपी नाही हे कळते. विशेष म्हणजे या मोजणीत विजेचाही धूर धरलेला आहे. मात्र ती प्रतवारी आहे, कर नव्हे. कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजनाही २०२३ मध्ये अधिसूचित झाली आहे. धुराचे मोल येथेच भरले गेले तर युरोपच्या नाक्यावर तेवढी वजावट मिळेल आणि पैसा देशात राहील.

पण पैसा देशात राहिला म्हणजे तो गरिबाकडे पोहोचला, असे नव्हे. आपण हा प्रयोग एकदा करून पाहिला आहे. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला; २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभारणे हा त्याचा हेतू होता. जमा रकमेचा मोठा भाग त्या निधीपर्यंत पोहोचलाच नाही, आणि २०१७ नंतर तोच पैसा राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईकडे वळला. युरोपच्या कायद्यातही, ज्या देशांच्या मालावर भार बसतो त्यांना तो पैसा परत करण्याचे बंधन नाही. म्हणजे दोन्हीकडे तिजोरीला तोंड आहे, हात नाही.

केदारखेड्यातील घरकुलाचाच हिशेब मांडून पाहू. पंतप्रधान आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर बांधायला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्याला अंदाजे पाऊण ते एक टन गजाळी लागते. समजा, उद्या धुराला टनामागे एक हजार रुपये मोल लागले आणि ते सारे ग्राहकावर आले, तर या घराचा खर्च दोन-अडीच हजारांनी वाढेल. बंगला बांधणाऱ्याला ही रक्कम जाणवणार नाही; शेतमजुराच्या घरी ती कित्येक दिवसांची मजुरी आहे. आकाश स्वच्छ करण्याचा खर्च, ते सर्वांत कमी मलिन करणाऱ्याकडून वसूल झाला, तर युरोपवर आपण ठेवतो तोच ठपका आपल्यावर येतो. म्हणून धुराच्या कराचा पहिला हिस्सा अशा कुटुंबांना सरळ परत मिळावा आणि दुसरा लहान भट्ट्यांना स्वच्छ विजेकडे वळण्यासाठी. हे दोन वाटे आधी ठरवून मगच कर बसवावा. युरोपकडेही आपली मागणी याच भाषेत जायला हवी : नाका जरूर ठेवा, पण त्यावरचा गल्ला जिथून आला तिथल्या भट्ट्या सुधारायला परत पाठवा. नाका उठवा, असे म्हणण्यापेक्षा ही मागणी अधिक अवघड आहे, कारण तिला उत्तर देणे त्यांनाही अवघड जाईल.

आपल्या धर्मग्रामांतही शाळांच्या इमारती, सभागृहे आणि घरे बांधली जातात. कंत्राटदाराला आपण सळईचा भाव विचारतो, तिची जाडी विचारतो. ती कशापासून बनली आणि तिला तारे किती, हेही यापुढे विचारू लागलो, तर युरोपच्या ग्राहकाइतकेच चोख माप मागणारा एक ग्राहक जालन्याच्या बाजारात उभा राहील. भाव थोडा अधिक पडेल. तो फरक ज्यांना परवडतो त्यांनी आधी द्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.