हिरासुका दगडाखाली राहिला

लिंगोला मारल्यावर मारेकऱ्यांनी त्याचे डोळे काढले आणि त्या डोळ्यांच्या गोट्या करून ते खेळले. मारेकरी परके नव्हते. ज्या चौघांनी त्याला धाकटा भाऊ मानून घरात घेतलं होतं, तेच बायकांच्या खोट्या चुगलीला भुलले. लिंगोची ही कथा सांगणारं गोंडी गीत नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाकडून, उतरवून घेतलं. हिस्लॉप १८६३ मध्ये नदीत बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. गीतात पुढे देव लिंगोच्या शोधासाठी कावळ्याला पाठवतो. लिंगोचा ठावठिकाणा लागतो, प्रेतावर अमृत शिंपडलं जातं आणि लिंगो उठून बसतो.

हिस्लॉप नागपुरात आले त्याच सुमारास, १८४५ च्या जानेवारीत, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात दुसरा एक काळा पक्षी अवतरला होता. एडगर ॲलन पो यांच्या ‘द रेव्हन’ या कवितेतला डोमकावळा. मध्यरात्र, प्रेयसीच्या मरणानं खचलेला एकटा माणूस आणि दाराच्या वर येऊन बसलेला तो पक्षी. माणूस पुन्हा पुन्हा विचारत राहतो, पक्षी पुन्हा पुन्हा तोच नकार देतो. इथं अमृत नाही, कुणी उठून बसत नाही. तरीही या कवितेनं पो रातोरात घरोघरी पोचले आणि पावणेदोनशे वर्षं झाली तरी वाचक त्यांना सोडायला तयार नाहीत.

पो यांची आई गेली तेव्हा ते तीन वर्षांचेही नव्हते. १८४२ मध्ये त्यांची पत्नी व्हर्जिनिया गाता गाता रक्त ओकली. क्षय झाला होता. पुढची पाच वर्षं ती मरत होती आणि पो बघत होते. ‘द रेव्हन’ त्याच पाच वर्षांतली आहे. त्यांच्या कथांतली भिंतीत जिवंत चिणलेली माणसं, पुरलेली आणि परत उठलेली बहीण, फरशीखाली धडधडणारं काळीज हे सगळं नुसतं घाबरवण्यासाठी रचलेलं नाही. गेलेला माणूस पूर्णपणे गेला, हे ज्याला मान्य करता येत नाही, त्याचं ते लिहिणं आहे. वाचकाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

१८४९ मध्ये चाळिसाव्या वर्षी पो बाल्टिमोरमध्ये वारले. थडग्यावर कितीतरी वर्षं धड दगडही नव्हता. शेवटी शिक्षकांनी आणि शाळेतल्या पोरांनी पैसा पैसा गोळा केला, तेव्हा १८७५ मध्ये स्मारक उभं राहिलं. नंतर विसाव्या शतकात कुणी एक अनोळखी माणूस दर वर्षी १९ जानेवारीला, पो यांच्या जन्मदिवशी, रात्री तिथं येऊ लागला. तीन गुलाब आणि कोन्याकची अर्धी राहिलेली बाटली ठेवून निघून जाई. हे २००९ पर्यंत चाललं. तो कोण होता, ते कधी नक्की कळलं नाही, याचंही मला मोल वाटतं.

आपल्याकडे नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी यांना असाच वाचक मिळाला. वाचनालयात धारपांचं पुस्तक जागेवर सापडणं मुश्कील आणि सापडलं तर पानं निखळलेली. तरी साहित्याच्या चर्चेत भयकथेला, गूढकथेला पंगतीत शेवटचं पान. घरातही तेच. मूल असलं काही वाचताना दिसलं की ‘भलतंसलतं वाचू नकोस’ म्हणून पुस्तक हातातून काढून घेतात. हे चुकतं आहे, असं मी ठामपणे म्हणतो. ज्या घरात दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना म्हणून सगळे ताटकळतात, कुणीतरी पुढं होऊन हात जोडतो, ‘धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका’ म्हणतो, आणि कावळा झेपावल्यावर म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी येतं, त्या घरातल्या मुलाला पो यांचा पक्षी परका वाटायचं कारण नाही. मेलेल्याचं काही मागणं उरलेलं असतं आणि ते ऐकून घ्यायचं असतं, हे त्यानं घाटावर पाहिलेलंच आहे.

पण मला खरं सांगायचं आहे ते कचारगडाबद्दल. गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, दरेकसाच्या डोंगरात ही प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. माघ पौर्णिमेला धनेगावहून तिथं चढण सुरू होते. महाराष्ट्रासह छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून गोंड समाज लोटतो. ‘जय सेवा’चा घोष, ढोल, नाच. हिस्लॉपच्या कागदातली कथा वेगळी आणि इथं सांगितली जाते ती वेगळी. डॉ. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी कोया पुनेमची जी मांडणी केली, तिच्यात लिंगो हा पुनेमचा, जीवनमार्गाचा, संस्थापक आहे.

इथली कथा अशी. तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली. शंभूनं दारावर अवजड शिळा लावली. मुलांच्या विरहात माता कली कंकाली झिजत झिजत हाडांचा सापळा झाली. लिंगो आणि देवी जंगो रायताड सोडवायला आले, पण शिळा हलेना. तेव्हा हिरासुका पाटालीर या वादकानं किंगरी छेडली. किंगरी म्हणजे कमानीनं वाजवायचं लहानसं तंतुवाद्य, परधानांच्या खांद्याला असतं ते. तिच्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं आणि त्यांनी आतून रेटा दिला. शिळा सुटली, गडगडत खाली आली, आणि हिरासुका तिच्याखाली चिरडून मेला.

ही कथा सांगणाऱ्याला मुलं सुटली तिथंच थांबता आलं असतं. जत्रेच्या दिवशी, नाचगाण्यात, वादकाचं मरण कशाला? पण पिढ्यान्‌पिढ्या ते कुणी गाळलं नाही. मुलांना वाचवणारं संगीत ज्याचं, तोच दगडाखाली सापडला, हे जसंच्या तसं ठेवलं. म्हणून आज हिरासुकाचं नाव घेतलं जातं. आईचा सापळा झाला, हेही झाकलं नाही, म्हणून तिच्यापुढं माथा टेकणाऱ्या बाईला आपलं स्वतःचं दुःख तिथं ठेवता येतं. भयाण भाग काढून टाकला असता तर नमस्कार उरला असता, माया उरली नसती. बाल्टिमोरच्या थडग्यावर गुलाब ठेवणारा आणि कचारगडची चढण चढणारी म्हातारी यांचं नातं मला इथं दिसतं. दोघांच्याही ओळखीची गोष्ट मरणावर पांघरूण घालत नाही.

हल्ली मुलांसाठी लोककथा ‘सोप्या’ करून छापण्याची पद्धत पडली आहे. सोप्या म्हणजे कुणी मरत नाही अशा. संपादकांनो, शिक्षकांनो, हे थांबवा. आणि वाचकहो, पुढच्या माघ पौर्णिमेला हावडा मार्गावरच्या दरेकसा स्टेशनावर उतरा, गर्दीतून गुहेपर्यंत जा. एखादा वयस्क परधान किंगरी घेऊन बसलेला दिसला, तर त्याच्यापुढं मांडी घालून बसा. सोबत लेकरं असतील तर त्यांनाही बसवा. मुलं सुटली म्हणून उठू नका. हिरासुकाचं पुढं काय झालं, ते त्याच्याच तोंडून ऐकून घ्या.