समुद्रांत टाकलेला माल

वादळांत सांपडलेलें जहाज हलकें करण्यासाठीं नाखवा एका व्यापाऱ्याचे कापडाचे गठ्ठे समुद्रांत फेकतो. जहाज तरतें, बाकीच्यांचा माल सुखरूप बंदरास लागतो. आतां, ज्यांचा माल वांचला ते त्या व्यापाऱ्याचें कांहीं देणें लागतात काय? पुष्कळांस वाटेल कीं, गेलें तें त्याच्या नशिबाचें. फार तर कोणी दयेनें मदत करावी.

आमचें मत निराळें आहे. ऱ्होड्स बेटाच्या नांवानें प्रसिद्ध असलेला प्राचीन नियम असा कीं, सर्वांसाठीं जें टाकलें गेलें त्याची भरपाई सर्वांनीं मिळून करावी. रोमन कायद्यानें तो उचलला, आणि सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहानें करविलेल्या 'डायजेस्ट' ह्या संग्रहांत तो नमूद झाला. त्यांतील बारकावे मननीय आहेत. वर्गणी वांचलेल्या मालाच्या किंमतीप्रमाणें द्यावयाची. जहाजाच्या मालकासहि ती चुकत नाहीं. उतारूंच्या अंगठ्यासुद्धां हिशेबांत धरावयाच्या. शिधासामग्री मात्र धरावयाची नाहीं. कारण वाटेंत अन्न संपलें तर ज्याच्यापाशीं जें असेल तें सर्वांचेंच होतें. उलट, लाटेनेंच ओढून नेलेल्या मालाबद्दल कोणी कांहीं देणें लागत नाहीं. आपत्ति आणि त्याग ह्यांतील भेद तो हाच. आपत्ति दैवानें येते. त्याग इतरांच्या बचावासाठीं, जाणूनबुजून घडतो. तो बचाव पदरांत पाडून घेऊन किंमत न देणें म्हणजे केवळ निर्दयता नव्हे. तें ऋण बुडविणें होय.

हें ऋण निरपराध्यासहि जाचतें, हें खरें. मार्च २०२१ मध्यें 'एव्हर गिव्हन' हें जहाज सुएझ कालव्यांत सहा दिवस रुतून बसलें. तें सोडविण्याच्या खर्चासाठीं मालकांनीं हाच नियम पुकारला, आणि हमी दिल्यावांचून व्यापाऱ्यांस आपला माल मिळेना. त्यांचा अपराध काय? कांहींच नाहीं. परंतु वर्गणी ही शिक्षा नव्हे. दोष कोणाचा, हा वाद निराळा. वांचलों त्याचें मोल द्यावें, हें कर्तव्य निराळें.

मात्र ह्या न्यायास एक मर्यादा आहे. १७८१ मध्यें 'झाँग' ह्या इंग्रज जहाजावरून, पाणी पुरणार नाहीं ह्या सबबीवर, शंभराहून अधिक आफ्रिकन गुलामांस जिवंत समुद्रांत लोटण्यांत आलें. आणि मालकांनीं विमेवाल्यांकडे माणशीं ३० पौंड मागितले. ज्यूरीनें मागणी मान्यहि केली! १७८३ मध्यें लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांच्या न्यायासनानें फेरचौकशीचा हुकूम दिला. पण खुनाचा खटला कोणावरहि झाला नाहीं. स्वतंत्र मनुष्याच्या देहाचें मोल करतां येत नाहीं, असें 'डायजेस्ट'मध्येंच म्हटलें आहे. परंतु मनुष्यास एकदां मालाच्या यादींत बसविलें, म्हणजे त्याच्या मृत्यूचाहि हिशेब मांडतां येतो. आणि तो मांडणारे स्वतः कांहींच सोसूं इच्छीत नव्हते.

समाजाचें तारूंहि अनेकदां हलकें करावें लागतें. तशा वेळीं दोन गोष्टी पाहाव्या: टाका म्हणणाराचा स्वतःचा वांटा त्यांत आहे कीं नाहीं, आणि जें टाकावयाचें ती वस्तु आहे कीं मनुष्य.