विसंगतीचा पत्ता

दोन विधाने एकमेकांना छेद देत असतील, तर त्यांतले खोटे कोणते? तर्कशास्त्राला हा प्रश्न विचारला की ते फक्त एवढेच सांगते की दोन्ही एकत्र खरी असू शकत नाहीत. त्यापुढे ते गप्प बसते. माणसाला मात्र गुन्हेगार हवा असतो, म्हणून या मौनातूनही आपण निकाल ऐकून घेतो. या सवयीचा अभ्यास करायला आज एक अनपेक्षित जागा उपलब्ध आहे. ओकॅमल, हास्केल यांसारख्या फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या भाषांत अमुक नावामागे संख्या आहे की मजकूर, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दर वेळी सांगावे लागत नाही. ते नाव कुठे आणि कसे वापरले आहे यावरून कंपायलर त्याचा टाइप, म्हणजे प्रकार, अनुमानाने काढतो. अनुमान फसले की तो एका ओळीवर बोट ठेवतो, आणि शिकाऊ माणूस त्या ओळीलाच दोषी समजून तिची चिरफाड करत बसतो. माझे म्हणणे असे की त्या ओळीवर विसंगती फक्त लक्षात आली. ती जिथे लक्षात आली तिथून दोष जिथे आहे तिथवर नुसत्या तर्काने पोहोचता येत नाही; त्यासाठी लिहिणाऱ्याचा हेतू ठाऊक असावा लागतो, आणि हेतू तर्काच्या हद्दीबाहेरचा आहे.

हे पटण्यासाठी यंत्र अनुमान कसे करते ते पाहावे लागेल. रॉजर हिंडली यांनी १९६९ मध्ये गणिती तर्कशास्त्राच्या अंगाने ही वाट शोधली होती. पुढे एडिंबरा विद्यापीठात सिद्धता तपासणाऱ्या एका प्रणालीसाठी एमएल ही भाषा घडवताना रॉबिन मिल्नर स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले आणि १९७८ मध्ये त्यांनी ती पद्धत मांडली. पद्धत शाळेतल्या बीजगणितासारखी आहे. ज्याचा प्रकार ठाऊक नाही त्याला एक अज्ञात अक्षर द्यायचे आणि प्रत्येक वापरातून एक समीकरण लिहायचे: बेरजेत आलेली वस्तू पूर्णांक, ‘जर’नंतर आलेली वस्तू खरे-खोटे सांगणारी बूलियन. मग सगळी समीकरणे एकदम सोडवायची. सोडवण्याच्या या रीतीला युनिफिकेशन म्हणतात, ती जे. ए. रॉबिन्सन यांनी १९६५ मध्ये दिली होती. दामास आणि मिल्नर यांनी १९८२ मध्ये दाखवले की समीकरणे सुटत असतील, तर सर्वांत व्यापक असे उत्तर एकच मिळते. सुरुवात कुठूनही केली तरी शेवट तोच.

समीकरणे सुटत नाहीत तेव्हा मात्र ही निश्चिती उरत नाही. एक लहानसे फंक्शन घेऊ. त्याला ‘क्ष’ दिला जातो आणि त्यात लिहिले आहे: जर क्ष, तर क्ष अधिक एक, नाही तर शून्य. ‘जर’ म्हणतो क्ष बूलियन आहे, बेरीज म्हणते तो पूर्णांक आहे. ओकॅमल अट आधी तपासतो, म्हणून तो बेरजेतल्या क्षकडे बोट दाखवून म्हणतो की ही वस्तू बूलियन आहे, इथे पूर्णांक अपेक्षित होता. बेरीज आधी तपासली असती तर हाच आरोप अटीवर आला असता. आता लिहिणाऱ्याच्या मनात काय असू शकेल? ‘क्ष शून्याहून मोठा असेल तर’ असे लिहिताना तुलना राहून गेली असेल, तर चूक अटीत आहे. क्ष खरोखर बूलियन असून बेरजेत दुसरेच नाव यायचे होते, तर चूक बेरजेत आहे. किंवा दोन वेगळ्या गोष्टी घ्यायच्या असताना एकाच नावावर भागवले असेल, तर चूक पहिल्या ओळीत आहे. ओळी त्याच, संदेश तोच, दुरुस्त्या तीन. ली आणि यी या कोरियन संशोधकांनी १९९८ मध्ये अनुमानाच्या दोन पद्धतींची तुलना केली. एक पद्धत भागांकडून पूर्णाकडे जाते, दुसरी वरची अपेक्षा खाली घेऊन येते. प्रोग्रॅम सुसंगत आहे की नाही यावर दोघींचे एकमत असते. पण तो विसंगत असेल तर दुसरी लवकर थांबते. सुसंगतीचे उत्तर एकच येते, विसंगतीचा पत्ता मात्र विचारणाऱ्याच्या वाटेवर अवलंबून राहतो.

विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात ही अडचण जुनी आहे. पिएर द्युएम यांनी १९०६ मध्ये भौतिकशास्त्राबद्दल लिहिताना म्हटले होते की प्रयोगाचे भाकीत फसते तेव्हा अनेक गृहीतकांचा समूह एकत्र फसलेला असतो; त्यातले कोणते सोडायचे हे प्रयोग सांगत नाही. आपल्या न्यायदर्शनाने याच जागी एक सूक्ष्म भेद केला आहे. न्यायाच्या सोळा पदार्थांत तर्काला स्थान आहे, पण प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द या चार प्रमाणांत नाही. ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ असे म्हणून तर्क नको असलेला परिणाम, म्हणजे अनिष्टप्रसंग, समोर आणतो, शंका दूर करतो आणि प्रमाणाला मदत करतो. स्वतः तो ज्ञान देत नाही. त्यातही तर्क उपयोगी पडतो तो कोणत्या विधानाविषयी शंका आहे हे आधी ठरलेले असते म्हणून. धूर दिसतो आहे याबद्दल वाद नसतो, वाद अग्नीचा असतो. कंपायलरपुढे असे काहीच ठरलेले नसते. त्याच्या दृष्टीने प्रत्येक ओळ सारखीच विश्वसनीय किंवा सारखीच संशयित असते. म्हणून त्याचा संदेश हा अनिष्टप्रसंग आहे, निवाडा नव्हे.

यावर कोणी म्हणेल, ‘व्यवहारात दाखवलेली ओळ बरेचदा बरोबरच असते, आणि पद्धती सुधारताहेत.’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मिचेल वाँड यांनी १९८६ मध्येच प्रत्येक निष्कर्षाचे कारण नोंदवून ठेवण्याचा मार्ग सुचवला. हॅक आणि वेल्स यांनी २००३ मध्ये संघर्षात भाग घेणारे तेवढेच तुकडे वेगळे काढून दाखवले: त्यांतला कोणताही एक काढला की उरलेल्यांचे जमते. पण या प्रगतीची दिशा पाहण्यासारखी आहे. यंत्र जितके प्रामाणिक झाले, तितके ते एका आरोपीऐवजी संशयितांची पूर्ण यादी देऊ लागले. त्यापुढे जाऊन ‘बहुधा ही ओळ’ असे सुचवणाऱ्या पद्धती माणसे साधारणपणे कुठे चुकतात याचा अंदाज बांधतात. अंदाज उपयोगी आहेच. फक्त तो तर्कातून निघालेला नसून माणसांच्या सवयींतून आलेला आहे. तेव्हा हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. फंक्शनच्या वर त्याचा प्रकार लिहून ठेवला, तर गोंधळ राहतच नाही. आपल्या उदाहरणात ‘पूर्णांक घेऊन पूर्णांक देणारे’ अशी घोषणा असती, तर कंपायलरने बेरजेला सोडून थेट अटीकडे बोट दाखवले असते. हे मान्य, पण इथे नेमके काय घडले? घोषणा हेही एक विधानच आहे आणि तेही चुकू शकते. तिने नवे ज्ञान आणलेले नाही, क्रम आणला: हे सिद्धांत म्हणून धरा आणि बाकीचे त्यावर घासून पाहा. म्हणजे तर्काला जी पूर्वतयारी लागते ती लिहिणाऱ्याने स्वतःच्या शब्दाने पुरवली. जे. बी. वेल्स यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले की प्रकारांची भाषा एका मर्यादेपलीकडे समृद्ध केली, तर सगळे प्रकार आपोआप शोधणारी पद्धत असूच शकत नाही. अभिव्यक्ती वाढली की माणसाला बोलावेच लागते.

उरतो तिसरा आक्षेप: काही चुका तरी निर्विवाद असतीलच. एखादे फंक्शन स्वतःलाच स्वतःवर चालवते तेव्हा त्याचा प्रकार लिहू गेल्यास त्याच्या पोटात पुन्हा तोच प्रकार येतो आणि लिहिणे कधी संपत नाही. न्यायाच्या परिभाषेत हा आत्माश्रय, त्यातून अनवस्था. ही शंका पोकळ नाही. रसेल यांना १९०१ मध्ये सापडलेला विरोधाभास अशाच स्वसंदर्भातून जन्मला, आणि तो टाळण्यासाठीच त्यांनी प्रकारांची कल्पना पुढे आणली; चर्च यांनी १९४० मध्ये तिला फंक्शनांच्या गणितात बसवले. तरीही ओकॅमलला एक विशिष्ट पर्याय देऊन चालवले, तर तो हेच फंक्शन विनातक्रार स्वीकारतो, कारण तिथे स्वतःकडे वळणाऱ्या प्रकारांना परवानगी असते. एरवी ती नाकारलेली असते, कारण अशा परवानगीत खऱ्या चुकाही लपून जातात. म्हणजे या ओळीचा दोषही एका नियमाच्या सापेक्ष आहे, आणि तो नियम कोणीतरी विचारपूर्वक निवडलेला आहे.

याचा अर्थ चूक नावाची गोष्टच नाही, असा काढता येणार नाही. वरच्या ‘क्ष’ घेणाऱ्या फंक्शनमध्ये चूक नक्की आहे, ते तसे चालणार नाही, आणि हे सांगण्याचा यंत्राचा अधिकार पूर्ण आहे. ती चूक कोणाची हे सांगण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. म्हणून असा संदेश वाचताना दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात: ‘ही वस्तू बूलियन आहे’ हे कोणत्या ओळीने ठरवले, आणि ‘इथे पूर्णांक हवा’ हे कोणी मागितले. दोन्ही धागे उगमापर्यंत नेले की मध्ये काही मोजक्या ओळी उरतात. त्यांतली कोणती बदलायची हे ठरवताना क्ष म्हणजे आपल्याला नेमके काय म्हणायचे होते, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. पुष्कळदा ते लिहिताना ठरवलेलेच नव्हते, असे तेव्हा कळते.