हमी आणि जबाबदारी

या देशात आल्यावर जे हिब्रू शब्द आम्ही बाजारात शिकलो, त्यांत 'अख्रायुत' हा एक. दुकानदार पावतीला कागद जोडतो आणि म्हणतो, "एक वर्षाची अख्रायुत." मराठीत आपण त्याला हमी म्हणतो. पुढे मुलांच्या शाळेत गेलो, तर शिक्षिका म्हणाल्या, "मुलाला अख्रायुत शिकवा." तेथे त्याचा अर्थ जबाबदारी. मराठीत शब्द दोन, हिब्रूत एकच. असे का, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो एका लहानशा वस्तूने करावयास लावला.

वस्तू म्हणजे संगणकाच्या मेमरीची पट्टी, वीतभरसुद्धा लांब नसेल. ज्या संगणकावर आम्ही ही मराठी पाने जुळवितो, त्यात ती बसविली. पंधरा दिवसांत संगणक मध्येच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला, आणि लिहिलेले पान नाहीसे होऊ लागले. समाजातील एका जाणत्या तरुणाने जुनी पट्टी काढून नवी एकटीच ठेवली आणि रात्रभर मेमटेस्ट नावाची तपासणी चालविली. पहाटे पडद्यावर चुकांच्या तांबड्या ओळी उमटलेल्या होत्या.

पट्टी घेऊन आम्ही दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या मुलीने ती आतल्या यंत्रात घातली आणि पाच मिनिटांत परत आणून दिली. "चांगली आहे. तुमच्याच संगणकात काही बिघाड असेल." आयात करणाऱ्या कंपनीला टेलिफोन केला, तर एक दाबा, दोन दाबा, मग संगीत, आणि शेवटी उत्तर, "दुकानात जा." पुन्हा दुकानात गेलो. तांबड्या ओळींचे छायाचित्र दाखविले. मुलगी म्हणाली, "हे कोणत्याही पट्टीचे असू शकेल. पुरावा आणा."

वाचकहो, येथे आमचा तोल गेला. दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात आम्ही त्या मुलीला नको ते बोललो.

घरी आल्यावर विचार केला, एवढा राग कशाचा? पट्टीची किंमत काही फार नव्हती. राग होता तो 'पुरावा आणा' या दोन शब्दांचा. आपल्या समाजाला हे शब्द नवे नाहीत. १९६२ साली रब्बीमंडळाने आपल्या विवाहांसाठी मागल्या पिढ्यांची चौकशी करण्याचे नियम काढले, आणि १९६४ साली क्नेसेतने ठराव करीपर्यंत आपल्या वडीलधाऱ्यांना आपण यहुदी आहोत हेच पटवून द्यावे लागले. कोठे तो अपमान आणि कोठे ही पट्टी! तुलना करणे बरे नव्हे. तरी खरे बोलणाऱ्याला खोटे धरले जाते, तेव्हा तोंडाला येणारी चव एकच असते.

पण न्यायाने पाहावयाचे तर दुकानदाराची बाजूही आहे. जो दुसऱ्याकडून पैसे मागतो त्याने पुरावा द्यावा, हे तत्त्व मिश्नाइतके जुने आहे. नवी पट्टी घरी ठेवून जुनी परत करणारी गिऱ्हाइकेही असतात. शिवाय मेमरीचा दोष लबाड असतो. आठ गिगाबाइटच्या पट्टीत माहितीचे ६,८०० कोटींहून अधिक कण मावतात. त्यांतला एखादाच दगा देतो, आणि तोही कधी कधी पट्टी तापल्यावरच. पाच मिनिटांच्या तपासणीत तो सापडेलच असे नाही. म्हणजे मुलगीही खोटे बोलत नव्हती. तिने जेवढे पाहिले तेवढे सांगितले. चूक एवढीच, की पाच मिनिटे पाहून रात्रभर पाहिल्याचा निकाल दिला.

रांबामने लिहिले आहे की विकलेल्या मालात गिऱ्हाइकाला ठाऊक नसलेला दोष निघाला, तर काही वर्षांनीही माल परत करता येतो. मात्र दोष कळल्यावर त्याने तो वापरलेला नसावा. पाहा, बंधन दोघांवरही घातले आहे. आणि दोष आहे की नाही हे ठरवावयाचे, तर तोरा न्यायाधीशाला सांगते त्याप्रमाणे शोध घ्यावा, नीट विचारपूस करावी. पुराव्याचा भार आमच्यावर असेल, पण तो पुरावा पाहण्याचा भार दुकानावरच आहे. २०१८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन टेलिफोन, वीज, पाणी अशा काही सेवांना सहा मिनिटांत माणूस बोलावयास देण्याचे बंधन घातले गेले. चांगले झाले. परंतु त्या माणसाने मन लावून ऐकावे, हे कोणता कायदा लिहिणार?

कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल काढीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. तेथे गिऱ्हाइकाला तेल्याचे घर ठाऊक असे. तक्रार घेऊन आलेल्याला 'कंपनीला विचारा' असे सांगण्याची सोयच नव्हती. मिश्ना जमिनीला 'अख्रायुत असलेली मालमत्ता' म्हणते, कारण ती जागची हलत नाही, कर्जाची भरपाई तिच्यातून होऊ शकते. आज विकणारा, आणणारा आणि बनविणारा तिघे वेगळे. हमीचा कागद तिघांत फिरतो, जबाबदारी मात्र कोणाच्याच हाताला लागत नाही.

तिसऱ्या खेपेस आतून एक वयस्क कारागीर बाहेर आला. वाद न घालता म्हणाला, "आज रात्रभर चालवून पाहतो." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच टेलिफोन आला, "तुमचे बरोबर होते." नवी पट्टी मिळाली. परंतु आम्हांला खरी भरपाई मिळाली ती त्या तीन शब्दांनी. तो मालक नव्हता, पट्टी त्याने बनविली नव्हती. हमीच्या कागदावर त्याचे नाव नव्हते, तरी जबाबदारी त्याने घेतली. दोन अर्थांना शब्द एकच का, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

आता राहिला आमचा हिशोब. शब्दांनी दुखविणे हे व्यवहारातील फसवणुकीच्याच जातीचे, असे मिश्ना मानते. दुकानाची चूक दुरुस्त झाली, आमची बाकी होती. माणसामाणसांतील अपराध, ज्याला दुखविले त्याची समजूत काढल्याशिवाय, दारफळणीच्या सणाच्या उपासानेही धुतले जात नाहीत. म्हणून नवी पट्टी घेतल्यावर आम्ही गल्ल्यावर गेलो आणि त्या मुलीची क्षमा मागितली. ती थोडी गोंधळली. मग म्हणाली, "मलाही रात्रभर चालवून पाहायला सांगता आले असते."

पट्टीची हमी वर्षभराने संपेल. तिचे हे वाक्य मात्र आम्ही जपून ठेवले आहे.