टिकल्यांचे पिस्तूल

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी घनसावंगीला आमच्या ओसरीवर फराळ चालला होता. थोरल्या भावाचा सात वर्षांचा नातू टिकल्यांचे पिस्तूल घेऊन अंगणात नाचत होता. त्याने ते माझ्यावर रोखून बार काढला, आणि मीही इमानेइतबारे छाती धरून लोडावर कोसळलो. सारी ओसरी हसली. पोराला केवढा आनंद झाला!

भावाचे व्याही गोदावरीपलीकडून, गेवराईहून आले होते. त्यामुळे बोलणे साहजिकच बीड जिल्ह्याकडे वळले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. तो बंदुकीने झाला नव्हता. पण त्यानंतर त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने असल्याची चर्चा झाली आणि पिस्तूल मिरवणाऱ्या, हवेत बार काढणाऱ्या तरुणांची चित्रे घरोघरी मोबाइलवर पोचली. पुढे पुष्कळ परवाने रद्द झाले.

व्याही म्हणाले, "सिनेमाने पोरे बिघडवली." दादा म्हणाला, "रिकामे हात, दुसरे काय! शेती परवडेना, नोकरी मिळेना."

दोघांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. पण मारामारीचे सिनेमे जपानातही पाहतात, आणि तिथे बंदुकीने क्वचितच कोणी मरतो. अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका अधिक. २०२२ साली तिथल्या युवाल्डे गावी अठरा वर्षांच्या एका मुलाने शाळेत शिरून एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या. बंदूक त्याने रीतसर दुकानातून घेतली होती. राग दोन्हीकडच्या पोरांना येतोच. एकाचा राग मूठ आपटून निवतो, दुसऱ्याचा निवायला वेळच मिळत नाही. बेकारीचे म्हणाल, तर आमच्या तालुक्यातली किती तरी पोरे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांच्यातल्या कुणाला पिस्तुलाची आठवण झाल्याचे मी ऐकले नाही. मला वाटते, कारण शोधताना आपण ते आपल्या उंबरठ्याबाहेर सापडावे अशी काळजी घेतो.

हे मी बोलूनही दाखवले. चकल्यांचे ताट घेऊन उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "मग भाऊजी, वैशाखातल्या लग्नात त्या कमरेला पिस्तूल लावलेल्या पाहुण्याला पुढची खुर्ची कुणी दिली?"

खुर्ची मी दिली होती. पाहुणा विशीतला, ना नात्यातला ना ओळखीचा. भीतीने उठलो म्हणावे, तर तसेही नव्हते. उठताना मला चक्क आदर वाटला होता! शेजारी आमचे गुरुजी उभेच होते, त्यांच्यासाठी मी हललो नव्हतो. हवेत बेदरकार गोळीबार करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतची कैद सांगितली आहे. खुर्ची देणाऱ्याला कोणतेच कलम लागत नाही. पण त्या मांडवात आमची पाच-सहा पोरे होती, आणि कोण उठले व कुणासाठी उठले, हे त्यांनी नीट पाहिले होते.

इतक्यात नातू पुन्हा पुढे आला. "आजोबा, मरा ना!" पिस्तूल नुसतेच खटखटले, टिकल्या संपल्या होत्या. नवी डबी आणून द्यायचे मीच त्याला सकाळी कबूल केले होते.